बसतंय आणि बसलंय

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



२०१९ साली बोर्डावर नोटीस लागली होती : ‘बंद वाहने पार्किंगमधून हलवावीत.’ नोटिशीत नाव कुणाचं नव्हतं, पण सी विंगच्या जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी असलेली गाडी कुणाची, हे लहान मुलांनाही ठाऊक होतं. पन्नासच्या दशकातली ब्रिटिश बीएसए. माझे वडील तिच्यावरून खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत कामाला जायचे. भंगारात द्यायला हात धजेना. म्हणून कमिटीकडून सहा महिने मागून घेतले.

इंजिन लवकर बोलतं झालं. अडलं ते पुढच्या चाकाच्या बेअरिंगवर. चाक हातानं हलवलं की खडखड. नाना पेठेत दुकानं पालथी घातली. ‘बीएसएच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग आहे का?’ म्हटलं की दुकानदार आधी माझ्याकडे बघायचा, मग हसायचा. बीएसएच्या मोटरसायकली सत्तरच्या दशकातच बनायच्या थांबल्या. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजाराच्या वाऱ्या केल्या. तिथे हेडलाइट मिळाला, बेअरिंग नाही.

शेवटी एका मेकॅनिकनं ६२०४ नंबरचं बेअरिंग काढलं. हबला आतून पंच मारले, अॅक्सलला पत्र्याची पट्टी गुंडाळली आणि म्हणाला, ‘बसतंय काका.’ मंडळी, मी बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. हे चूक आहे, हे मला दिसत होतं. पण सहा महिने संपत आले होते. मी ‘चालेल’ म्हटलं.

पुढच्या रविवारी नातीला मागे बसवून खडकीला निघालो. होळकर पुलाच्या अलीकडे हँडल थरथरायला लागलं. गाडी बाजूला घेतली, हबला हात लावला तर चटका बसला. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगनं हबबरोबर फिरायचं सोडून हबच बेअरिंगवर घसरत फिरत होता. नात म्हणाली, ‘आजोबा, थांबलो का?’ मला उत्तर सुचेना. टेम्पोत घालून गाडी घरी आणली.

त्या रात्री पहिल्यांदा व्हर्निअर काढला. हे आधीच करायला हवं होतं. ६२०४ म्हणजे शेवटचे दोन आकडे ०४, पाचानं गुणले की आतलं भोक २० मिलिमीटर. बाहेरून ४७, रुंदी १४. आमच्या जुन्या बेअरिंगचं भोक १९.०५, बाहेरून ४७.६३, रुंदी १४.२९. विचित्र आकडे वाटतात ना? इंचात सांगतो : पाऊण इंच, एक आणि सात अष्टमांश, नऊ सोळांश. एकदम गोल हिशेब! ती गाडी इंचातली, आपण मिलिमीटरमधले. फरक आत एक मिलिमीटरच्या आसपास, बाहेर अर्ध्याहून थोडा जास्त. डोळ्याला दिसत नाही, चाकाला कळतो.

जुनं बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं, तेव्हा कडेला कोरलेली अक्षरं दिसली : एलजे ३/४. हे गाडीच्या पार्टाचं नाव नव्हतंच, मापाचं होतं. मग कारखान्यांना बेअरिंग पुरवणाऱ्या दुकानात गेलो आणि फक्त मापं सांगितली. त्यानं कॅटलॉग उघडला : ‘आरएलएस ६. जुन्या इंग्लिश मशिनांना लागतं. मागवतो.’ गाडी कुठली, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही!

तोवर माझ्या ‘चालेल’मुळे हब खराब झाला होता. भोसरीत एका लेथवाल्यानं तो मोठा बोअर करून आत पोलादी स्लीव्ह दाबून बसवली, आणि स्लीव्ह बसल्यावरच शेवटचं माप काढलं. दाबल्यावर ती किंचित आवळते, म्हणून हा क्रम. बेअरिंग रात्रभर आमच्या फ्रीजरमध्ये ठेवलं (सौ.नी मटार बाहेर काढले, त्याबद्दल जाहीर आभार!) आणि हब गरम केला. ठोकायचं ते फक्त बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर ठोकलं तर गोळ्यांचे खड्डे ट्रॅकमध्ये उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी जुनं होतं. दोन बेअरिंगांमधली स्पेसर नळी विसरायची नाही, नाहीतर नट आवळला की ती एकमेकांकडे ओढली जातात. यावेळी ठोकावंही लागलं नाही. बेअरिंग अलगद आत गेलं.

सहा महिन्यांचे अकरा झाले. कमिटीनं मुदत वाढवून दिली, हे आज सर्वांसमोर सांगतो. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर नात पुन्हा मागे बसली. होळकर पूल ओलांडला, खडकीला चहा घेतला आणि परत आलो. हबला हात लावला. गार होता.

आता एक विनंती. आपली पाण्याची मोटार गेल्या उन्हाळ्यात रात्री अकरा वाजता बंद पडली. बेअरिंग गेलं होतं, नंबर कुणालाच माहीत नव्हता, आणि दोन दिवस टँकर आणावा लागला. म्हणून मी एक वही घातली आहे. मोटारींचे बेअरिंग नंबर, मापं, बदलल्याच्या तारखा. ती आज सेक्रेटरीसाहेबांकडे देतो. पुढच्या पंचवीस वर्षांत मी असेन-नसेन, पण कुणी ‘बसतंय’ म्हणालं, तर आधी वही उघडा आणि मोजा.