वकिलाची नोटीस आणि बियाण्याची पिशवी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलायचे ठरले होते. पण मागच्या महिन्यात आपल्या तीन कार्यकर्त्यांच्या घरी वकिलाची नोटीस आली आणि घरोघर धसका बसला : आता पोलीस येणार, जमीन जाणार. म्हणून भावाचे दुपारी, आधी हे.

झाले असे की एका गावात कपाशी विरळ उगवली. आपल्या पोरांनी पिशवीचा फोटो काढला, दुकानदाराचे नाव घातले, खाली लिहिले 'हा चोर आहे', आणि मोबाईलवरच्या गटात सोडून दिले. संध्याकाळपर्यंत ते चार तालुक्यांत फिरले. आम्हीही न तपासता पुढे पाठवले. आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे, आम्हाला तरी कळायला हवे होते. नंतर शेतात जाऊन पाहिले. दोन ठिकाणी बी फार खोल पडलेले, एका ठिकाणी पहिल्याच सरीवर पेरा उरकलेला. पण त्याच लॉटचे बी चांगल्या ओलीत पेरले होते, तिथेही उगवण विरळच. म्हणजे तक्रारीत दम आहे. पण दुकानदाराने बंद पिशवी घेतली आणि बंदच विकली असेल, तर 'चोर' कसे सिद्ध करणार?

आता कायदा. बदनामीचे जुने कलम ४९९ आणि ५००. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते ३५६ झाले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. समाजसेवेची शिक्षाही आता देता येते. लिहिणारा अडकतो तसा छापणाराही अडकतो. मोबाईलवर पुढे ढकलणे म्हणजे नुसते बोट लावणे, असे समजू नका. प्रसिद्ध करणाऱ्यांत तुमचीही गणना होऊ शकते. कंपनीचीही बदनामी होते, फक्त माणसाचीच नाही. पण नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे. हा गुन्हा जामीनपात्र आहे आणि यात पोलीस आपण होऊन उचलून नेऊ शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याला न्यायालयात फिर्याद द्यावी लागते. २०१६ साली हे कलमच रद्द करा म्हणून सुप्रीम कोर्टात झगडा झाला. कोर्टाने कलम कायम ठेवले. आम्हाला तो निकाल पटत नाही. शब्दासाठी तुरुंग कशाला? पण आज कायदा तो आहे.

त्याच कलमात दहा अपवाद आहेत, हे मात्र कोणी सांगत नाही. खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली तर गुन्हा नाही. आणि आपल्या सर्वांत कामाचा तो आठवा : ज्याला अधिकार आहे त्याच्याकडे प्रामाणिकपणे तक्रार केली तर ती बदनामी नव्हे. जे गटात लिहिले तेच तालुका कृषी अधिकाऱ्याला अर्जात लिहिले असते, 'चोर' शब्द सोडून, तर नोटिशीला फारसा आधार उरला नसता. म्हणून पावती, पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि मूठभर बी ठेवा. तक्रार निवारण समितीचा पंचनामा मागा.

सरकारवर टीका करायला घाबरू नका. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की सरकार किंवा स्थानिक संस्था आपल्या बदनामीबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावू शकत नाही. पण हे दाव्यापुरते. फौजदारीची वाट वेगळी आहे.

पुराव्याचे महत्त्व आपल्याआधी थोरामोठ्यांना कळून चुकले. कोल्हापूरच्या दिवाणांवर 'केसरी'ने आणि 'मराठा'ने आरोप केले, आधार होता काही पत्रांचा. ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांना १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. हेतू चांगला होता, कागद खोटा होता. आपण तर कागदही पाहिला नव्हता!

आणखी एक, मायबहिणींनी नीट ऐकावे. आत्महत्या झालेल्या घरात आपल्याच एका कार्यकर्त्याने त्या बाईचा रडताना व्हिडिओ काढला. लोकांना कळावे, हा हेतू. दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरी तो पोचला, कर्जाच्या आकड्यासकट. तिने आम्हाला विचारले, "भाऊ, माझं दुःख तुम्ही कोणाला विचारून वाटलं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. सातबारा सरकारी नोंद आहे, तो कोणीही पाहील. पण विधवेचा चेहरा सरकारी नोंद नाही. यापुढे घरच्यांनी होकार दिल्याशिवाय फोटो नाही, नाव नाही.

नोटिशीला उत्तर तयार आहे. 'चोर' शब्द आपण मागे घेतो, उगवणीची तक्रार मागे घेत नाही. त्या लॉटच्या पिशव्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी शनिवारी बाजाराला येताना घेऊन याव्यात, रिकाम्या असल्या तरी. आता भावाकडे वळू.