नंदी सरकला, आपण मान हलवतो

पट्टीश्वरम्‌च्या देवळात नंदी देवाच्या सरळ समोर नाही, बाजूला सरकलेला आहे. मोत्यांच्या मांडवाखालून येणारे संबंदर महादेवाला दिसावेत म्हणून तो सरकला, असं सांगतात. आपण मात्र दागिन्यांच्या योजनेचं पत्रक समोर आलं की नंदीबैलासारखी मान हलवतो!

कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसं आपण. पण ११ हप्ते भरताना घडणावळ किती, घट किती, हे विचारायला लाजतो. ‘दुकानदार ओळखीचा आहे’ म्हणे! ओळखीला विमा नसतो. बँकेतल्या ठेवींना एका बँकेत माणशी ५ लाख रुपयांपर्यंत, व्याज धरून, विमा आहे. सराफाकडच्या हप्त्यांना तो नाही. आणि ११च हप्ते का? कंपनीने मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळली नाही, तर ती ठेव धरली जाते. म्हणून योजना वर्षाच्या आत आटोपते.

लग्नासाठी दागिना घ्यायचाच असेल, तर जरूर भरा. पण मुलीच्या फीला रोख लागणार असेल, तर बांगड्या घेऊन कॉलेजात जाणार का? तिथे आवर्ती ठेव बरी. योजना मध्येच सोडली तर पैसे परत मिळतील की फक्त सोनं, हे पहिल्या हप्त्याआधीच लिहून घ्या.