चौकटीतल्या बायका आणि आपल्या मुली

(वसईत होळी येथे भरलेल्या स्त्री-गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या बैठकीसमोर दोन विषय आहेत. वस्तीतल्या मुलींच्या वाचनपेटीसाठी जे पैसे जमलेत त्यांतून कोणती पुस्तकं घ्यायची, हा एक. आणि मुली मोबाइलवर तासन्‌तास जपानी चित्रकथा वाचत बसतात, त्याचं काय करायचं, हा दुसरा. दुसऱ्या विषयावर काही जणींनी आधीच निकाल देऊन टाकलाय, 'मोबाइल काढून घ्या.' मला वाटतं, हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. म्हणून गेल्या काही महिन्यांत मी मिळतील तेवढ्या चित्रकथा वाचल्या, आपल्याकडच्या आणि जपानमधल्याही. जपानी चित्रकथांना 'मांगा' म्हणतात. मी साहित्याची समीक्षक नाही. समाजकार्य शिकले आणि बायकांच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम. तेव्हा हे मत एका कार्यकर्तीचं आहे असं समजून ऐका.

आधी आपल्या पिढीने काय वाचलं ते पाहू. 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ साली सुरू झाली आणि १९९० साली बंद पडली. घराघरांत तिचे जुने अंक सुतळीने बांधून ठेवलेले असायचे. त्यातला वेताळ आपल्या सगळ्यांचा आवडता. पण तो होता कोण? आफ्रिकेतल्या जंगलात राहणारा, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या लोकांचं 'रक्षण' करणारा गोरा पुरुष. तिथल्या लोकांना स्वतःचं रक्षण करता येत नाही, हे त्यात गृहीतच धरलेलं. तेव्हा आपल्याला ते खटकलं नाही. त्याच मालिकेत १९७६ साली आबिद सुरती यांनी 'बहादूर' आणला. चंबळच्या बाजूचा, आपल्या मातीतला नायक. त्याच्यासोबतची बेला कराटे जाणणारी, स्वतःच्या हिमतीवर उभी राहणारी मुलगी होती. नायकाचं नाव पुस्तकावर आणि बेला बाजूला, हे खरंच. पण ओरडून मदत मागणं एवढंच काम नसलेली बाई त्या चौकटीत निदान दिसली. हेच आबिदभाई पुढे आपल्या खाडीपलीकडे मीरा रोडला राहायला आले आणि २००७ साली त्यांनी घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचं काम सुरू केलं. पाण्याच्या एका हंड्यासाठी रांगेत उभं राहणाऱ्या आपल्या बायकांना त्या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

दुसरी 'अमर चित्र कथा'. अनंत पै यांनी ती १९६७ साली सुरू केली. आपल्यापैकी अनेकींना मीराबाई, झाशीची राणी, अहिल्याबाई प्रथम तिथेच भेटल्या. हे ऋण नाकारायचं कारण नाही. पण आज तीच पुस्तकं काढून वाचा. त्यांतल्या बऱ्याच नायिका नवऱ्यासाठी, कुळाच्या अब्रूसाठी, राज्यासाठी सोसतात किंवा मरतात. पद्मिनीचा जोहार तर गौरव म्हणूनच येतो. शूर स्त्री आणि त्यागी स्त्री यांपलीकडे रागावणारी, कंटाळणारी, 'मला हे नको' म्हणणारी बाई फारशी सापडत नाही. चित्रात त्या सगळ्या गोऱ्या, सडपातळ, आणि राक्षसीण तेवढी काळी, जाड. सहा वर्षांच्या मुलीला यातून काय कळतं हे कोणी शिकवायला लागत नाही.

तिसरा आपला 'चिंटू'. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली 'सकाळ'मध्ये त्याला जन्म दिला आणि मराठी घरांत सकाळच्या चहाबरोबर तो वाचला जाऊ लागला. मध्यमवर्गीय मराठी घर इतक्या साधेपणाने क्वचितच कोणी रेखाटलं असेल. मला चिंटू आवडतो. पण त्याची आई बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या आसपास दिसते आणि पप्पा पेपर वाचताना किंवा ऑफिसातून येताना दिसतात. हा विनोद क्रूर नाही. म्हणूनच तो सहज मुरतो. आईने घरातच असायचं हे रोज हसत हसत पाठ होतं.

आता जपानकडे येते. १९४६ सालच्या एप्रिलमध्ये जपानी स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं. त्याच महिन्यात माचिको हासेगावा या तरुण चित्रकर्तीची 'साझाए-सान' ही चार चौकटींची मालिका एका स्थानिक वृत्तपत्रात सुरू झाली. साझाए धांदरट, मोठ्याने बोलणारी, नवऱ्यासमोर न दबणारी. पुढे ही मालिका मोठ्या दैनिकात गेली आणि १९७४ पर्यंत चालली. हासेगावाबाईंनी आपली पुस्तकं छापण्यासाठी बहिणीबरोबर स्वतःची प्रकाशन संस्था काढली आणि तिचं नावच 'बहिणींची कंपनी' अशा अर्थाचं ठेवलं. आपल्या बचत गटांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. चित्र काढणारी बाई छापखान्याच्या हिशेबातही उतरली, म्हणून तिचं चित्र तिचं राहिलं.

त्यानंतर १९७०च्या सुमारास मोतो हागिओ, केइको ताकेमिया यांच्यासारख्या तरुण स्त्रिया या धंद्यात आल्या. तोवर मुलींसाठीच्या चित्रकथासुद्धा बऱ्याच प्रमाणात पुरुषच काढत आणि संपादकही पुरुषच असत. मुलींना काय आवडतं हे पुरुष ठरवत होते, ते या मुलींनी आपल्या हाती घेतलं. १९७२ साली रियोको इकेदा यांची 'व्हर्सायचा गुलाब' सुरू झाली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली एक मुलगी बापाच्या हट्टापायी मुलगा म्हणून वाढते, राजवाड्याच्या पहारेकऱ्यांची अधिकारी होते आणि शेवटी लोकांच्या बाजूने उभी राहते. मुलींच्या साप्ताहिकात हे छापून येत होतं!

पण जपानी चित्रकथा म्हणजे सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या मुलींमध्ये नाव ऐकू येतं त्या 'हाना योरी दांगो'मध्ये श्रीमंत मुलगा गरीब मुलीचा आधी छळ करतो, तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो आणि पुढे तोच तिचा प्रियकर होतो. 'नाही'चा अर्थ 'हो' असतो हे आपल्या हिंदी सिनेमाने शिकवलंच होतं, ते इथेही आहे. मुलांसाठीच्या अनेक मालिकांत मुलीचं शरीर कारण नसताना दाखवतात, झगा उडतो, कॅमेरा खालून बघतो. त्याला विनोद म्हणतात. आपण त्याला छेडछाड म्हणतो.

या सगळ्यांत मला सर्वांत विचार करायला लावलं ते फुमी योशिनागा यांच्या 'ओओकू'ने. ही मालिका २००४ ते २०२० अशी १६ वर्षं चालली. कल्पना अशी: जुन्या जपानात एक साथ येते, तिच्यात तरुण मुलगेच मरतात आणि पुरुषांची संख्या चौथ्या हिश्श्यावर येते. मग शेती, व्यापार, राज्य सगळं बायका चालवतात. राजगादीवर बाई, आणि तिच्या अंतःपुरात शेकडो पुरुष. वाचताना सुरुवातीला आपण खूश होतो. मग लक्षात येतं की इथे पुरुषाचं शरीर विकलं जातंय, वारसासाठी त्याचा वापर होतोय, आणि गादीवरच्या बाईलाही 'मूल दे' म्हणून तसंच छळलं जातंय. माणसं बदलली, रचना तीच राहिली. खुर्चीवर बाई बसली म्हणजे समता आली का, हा प्रश्न आपण आरक्षणातून निवडून आलेल्या सरपंचबाईंच्या संदर्भात किती वेळा चर्चिलाय! तोच प्रश्न एका चित्रकथेत इतका नेमका मांडलेला पाहून मी चकित झाले.

आणि 'अनवाणी गेन'. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला. त्यांनी स्वतः जगलेली ही गोष्ट १९७३पासून मुलांच्या साप्ताहिकात आली. नवरा आणि दोन मुलं डोळ्यांसमोर जळत असताना त्याच दिवशी बाळंत होणारी आई त्यात आहे. युद्धाच्या गौरवगाथा वाचणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही आई पाहायला हवी. तोमोको किकुची यांनी तिचा हिंदी अनुवाद केलाय, म्हणजे भाषेची अडचण फार नाही. २०२३ साली खुद्द हिरोशिमा शहराने शाळांच्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून हे पुस्तक वगळलं, त्यावरून त्याची धार अजून किती आहे ते कळतं.

आपल्याकडेही नवं काही घडतंय. २०११ साली आलेल्या 'भीमायन'ची चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंत दांपत्याने काढली. त्यांनी चौकटी नाकारल्या, माणसांना डब्यात बंद करायचं नाही म्हणून. प्रेमाचे शब्द पक्ष्याच्या आकारात आणि जातीचे विषारी शब्द विंचवाच्या नांगीसारखे. वाचता न येणाऱ्या बाईलाही कोण डंख मारतंय ते दिसतं. मसूर स्टेशनवर उतरलेला लहान भीम, बैलगाडीवाल्याचा नकार, रात्रभराची तहान आणि १९२७चं महाडचं चवदार तळं हे सगळं तिथे पाण्याच्या धाग्याने बांधलंय. आणि ही गोष्ट सांगते कोण? बस थांब्यावर उभी असलेली एक बाई, राखीव जागांवर चरफडणाऱ्या एका पुरुषाला! २०१२च्या डिसेंबरमधल्या दिल्लीच्या घटनेनंतर तरुण मुलींनी मिळून काढलेलं 'ड्रॉइंग द लाइन' हे पुस्तक २०१५ साली 'जुबान'ने छापलं. त्यात गोऱ्या रंगाच्या हट्टावर पोटातलं बाळच आईशी बोलतं. अशा गोष्टी आपल्या मुलींना समजावून सांगाव्या लागत नाहीत. त्या रोज त्या जगतात.

आता मोबाइलकडे वळते. मध्यंतरी एक आई सल्ला केंद्रात आली. सोबत सोळा वर्षांची मुलगी. 'ही रात्रभर कसली तरी उलटी पुस्तकं वाचते, फोन काढून घेते आणि आता शाळाही पुरे करते,' असं आई म्हणत होती. मी मुलीला म्हटलं, आईला दाखव. ती 'नाना' वाचत होती, आई याझावा यांची. एकाच नावाच्या दोन मुली टोकियोत एका खोलीत भाड्याने राहतात, एक गाते, दुसरी प्रेमात चुका करते, आणि दोघी एकमेकींना सांभाळतात. मुलीने आईला उजवीकडून डावीकडे कसं वाचायचं ते शिकवलं आणि इंग्रजी वाक्यं मराठीत सांगितली. अर्ध्या तासाने आईने विचारलं, 'या पोरींच्या आया कुठे आहेत?' प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्या प्रश्नावर त्या दोघी बऱ्याच दिवसांनी भांडण न करता बोलल्या. फोन मुलीकडेच राहिला, शाळाही सुरू राहिली. रात्री दहानंतर फोन आईच्या उशाशी, एवढं दोघींनी ठरवलं.

मैत्रिणींनो, फोन काढून घेणं ही साधी शिस्त नाही. आपल्या वस्त्यांत त्याच्या पाठोपाठ शाळा सुटते, बाहेर जाणं बंद होतं आणि मग 'स्थळं' येऊ लागतात. भावाचा फोन कोणी काढून घेत नाही. बंदी मुलीलाच, हे आपण चळवळीत असूनही घरात करू लागलो तर बोलायचं कोणत्या तोंडाने? वाईट चित्रकथेचं उत्तर बंदी नाही. मुलीबरोबर बसून वाचणं आणि 'हा मुलगा असं वागतो ते तुला पटतं का?' असं विचारणं हे उत्तर आहे.

दुसरं, आपण स्वतः चित्र काढू. हे काही परकं नाही. आपल्या पालघर जिल्ह्यात वारली लग्नाचा चौक सवासिनीच भिंतीवर रेखाटत आल्या. १९७०नंतर चित्र कागदावर आलं, बाजारात गेलं, आणि नाव पुरुष कलावंतांचं झालं. जिव्या सोमा म्हसे यांचा मान मोठाच आहे, पण भिंतीवरच्या त्या बायकांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. १९८९ साली राजस्थानच्या खेड्यांतल्या बायकांनी 'शरीर की जानकारी' हे पुस्तक केलं. उघडी बाई गावात दिसत नाही असं गावकऱ्यांनी म्हटल्यावर त्यांनी घागऱ्याची कागदी झडप केली. उचलली की आतलं शरीर दिसतं. याहून शहाणी चित्रकथा मी पाहिलेली नाही.

शरद शर्मा यांनी 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'तर्फे देशभर शिकवलेली पद्धत आपल्याला सहज जमेल. दोन साधे कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या. पहिलीत प्रश्न सुरू होतो, दुसरीत वाढतो, तिसरीत कोणीतरी काही करतं, चौथीत काय झालं ते. झेरॉक्स काढायची आणि रेशनच्या दुकानाबाहेर, रिक्षा थांब्यावर, इथे होळीच्या बाजारात चिकटवायची. चित्र सुंदर असायची गरज नाही.

म्हणून माझ्या सूचना अशा. वाचनपेटीत 'भीमायन', 'अनवाणी गेन'चा हिंदी अनुवाद आणि 'ड्रॉइंग द लाइन' घ्यावीत. 'अमर चित्र कथा'ही ठेवावी, पण वाचून चर्चा करण्यासाठी. महिन्यातून एकदा आया आणि मुलींनी एकत्र बसून एक चित्रकथा वाचावी, आणि ती कोणती हे मुलींनी ठरवावं. उरलेल्या पैशांतून कागद, पेन्सिली आणि झेरॉक्सचा खर्च काढावा. पहिलं भित्तिपत्रक पाण्याच्या रांगेवर असावं असं मला वाटतं, पण तोही निर्णय त्यांचा.

मुली कोणत्या चौकटीत बसतात ते आजवर दुसऱ्यांनीच आखलं. आता पट्टी-पेन्सिल त्यांच्या हातात द्यायची की नाही, यावर आपण आजच्या बैठकीत ठराव करावा, अशी माझी विनंती आहे.