पदवीनंतर कृषिविद्येचं आणखी शिक्षण : पैसे भरण्यापूर्वी विचार करा

(शेतकरी मंडळासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बी, खत, फवारणी यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तोही आपल्या घरातलाच. बी.एस्सी. कृषी झालेला मुलगा किंवा मुलगी आता बऱ्याच गावांत आहे. कुणी शहरात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. कुणी खताच्या कंपनीत लागला आहे, पण बढती अडली आहे. मग घरात विषय निघतो, "आणखी एखादा कोर्स करू का?" वडील म्हणतात, "चार वर्षं शिकवलं, आता आणखी किती?" दोघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणूनच याचा निवाडा रागाने किंवा भिडेने न करता हिशोबाने करावा.

प्रथम कृषिविद्या म्हणजे काय ते पाहू. जमिनीची मशागत, पेरणीची वेळ व अंतर, खत, पाणी, तण आणि पिकांची फेरपालट यांचा मेळ घालण्याचं हे शास्त्र. पदवीला सगळ्याच विषयांची ओळख होते. पुढच्या शिक्षणात एकाच विषयात खोल जाता येतं. त्याचा उपयोग काय, ते एका उदाहरणाने सांगतो.

समजा, एका पिकाला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश द्यायचं आहे. स्फुरदासाठी आपण डीएपी आणलं. त्यात ४६ टक्के स्फुरद असतं, तेव्हा सुमारे १०९ किलो डीएपी लागेल. पण त्याच डीएपीत १८ टक्के नत्रही असतं. म्हणजे जवळजवळ २० किलो नत्र तिथेच मिळालं. राहिलं ८० किलो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून युरिया लागेल सुमारे १७५ किलो. डीएपीतलं नत्र हिशोबात न धरता सगळं नत्र युरियातून दिलं, तर लागतो २१७ किलो. फरक ४२ किलोंचा! म्हणजे युरियाची ४५ किलोची जवळजवळ एक गोणी हेक्टरमागे फुकट गेली. शिवाय नत्र जादा झालं की पीक नुसतं माजतं, लोळतं, त्यावर मावा-तुडतुडे वाढतात.

आता तुम्ही म्हणाल, हा हिशोब पदवीच्या पुस्तकातही असतो. असतो, बरं का. पण माती परीक्षणाचा कागद हातात घेऊन, समोरच्या रानाची खोली आणि निचरा पाहून तो करणं, ही सवयीची गोष्ट आहे. जे शिक्षण ही सवय लावतं, ते कामाचं. जे नुसता कागद देतं, त्यासाठी कर्ज काढू नये.

दुसरी गोष्ट. कोर्स निवडण्याआधी काम निवडावं. ज्याला कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ व्हायचं आहे किंवा महाविद्यालयात शिकवायचं आहे, त्याला एम.एस्सी. लागते. तिथे छोटं प्रमाणपत्र चालत नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चारही कृषी विद्यापीठांत हे शिक्षण मिळतं. ते दोन वर्षांचं असतं आणि त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

जो विस्ताराच्या नोकरीत आधीच आहे, त्याच्यासाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००७ साली कृषी विस्तार व्यवस्थापनाची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका सुरू केली. ती नोकरी सांभाळून, घरी अभ्यास करून पुरी करता येते.

ज्याला स्वतःचा व्यवसाय काढायचा आहे, त्याने कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र या योजनेची चौकशी करावी. ही केंद्र सरकारची योजना २००२ साली सुरू झाली. तीत कृषी पदवीधरांना निवासी प्रशिक्षण आणि पुढे बँकेच्या कर्जासाठी मार्गदर्शन मिळतं.

घरात कृषी सेवा केंद्र आहे, पण दुकान सांभाळणाऱ्या भावाकडे शेतीची पदवी नाही, अशांसाठी 'मॅनेज'चीच 'डेसी' ही एक वर्षाची पदविका आहे. ती २००३ पासून चालू आहे. ४८ आठवड्यांपैकी ४० वर्ग आणि ८ शिवारफेऱ्या असतात. दुकानदार शिकला, तर वर सांगितलेली एक गोणी तोच आपल्याला कमी घ्यायला सांगेल. आणि शेती सांभाळूनच शिकायचं असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

आता सावधगिरीचं बोलतो. प्रमाणपत्र, पदविका आणि पदवी या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. "आमचा सहा महिन्यांचा कोर्स एम.एस्सी.च्या बरोबरीचा" असं कुणी म्हणालं, तर पैसे न भरता घरी यावं. "नोकरीची हमी" असं छापलेलं असेल, तर हमी कोण देतो, ते लेखी मागावं. मान्यतेची खात्री जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करून घ्यावी. शिक्षणापायी जमीन मात्र गहाण टाकू नये. आधी शिष्यवृत्ती आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी.

आणखी एक विनंती. मुलगी पदवीधर झाली की पुढच्या शिक्षणाऐवजी लग्नाचाच विषय निघतो. घरी बसून करता येणारे अभ्यासक्रम तिला आणि सुनेलाही खुले आहेत. पेरणी, निंदणी, काढणी यांत बायकांचा हात आहे, तर शास्त्रातही असावा.

शेवटी वडीलधाऱ्या मंडळींना एक सुचवतो. पुढं शिकू म्हणणाऱ्या मुलाला एका हंगामासाठी दहा गुंठे रान द्या. पाच गुंठ्यांत तुमची पद्धत, पाच गुंठ्यांत त्याची. पेरणीची तारीख, खत, पाणी, मजुरी आणि उत्पन्न त्याने वहीत लिहावं. काढणीला दोन्हीकडचं धान्य वेगळं मोजावं. ही वही मुलाखतीतही उपयोगी पडते, कारण पदवी सगळ्यांकडे असते, पण स्वतःच्या रानातली नोंद थोड्यांकडे असते. आणि त्याला खरोखर या विषयाची ओढ आहे की नाही, तेही तुम्हाला वजनकाट्यावर दिसेल.

लक्षात ठेवा :

१. आधी काम ठरवा, मग कोर्स.
२. मान्यता, मुदत, एकूण खर्च आणि प्रात्यक्षिकं किती, हे चार प्रश्न विचारा.
३. नोकरी किंवा शेती न सोडता होणारा अभ्यासक्रम आधी पाहा.
४. हमीच्या जाहिरातीला भुलू नका.
५. शिकलेलं आपल्या रानात एक हंगाम पारखून घ्या.