दुपट्याचे कापड पारखून घ्या



सुगी आटोपली की घरोघरी वाकळ शिवायला निघते. त्याच धावदोऱ्याने बाळाचे दुपटेही दोन-चार दिवसांत तयार होते. मात्र त्यासाठी कापड पारखून घ्यावे.

जुने, मऊ झालेले सुती लुगडे किंवा धोतर उत्तम. नायलॉन घाम शोषत नाही, ते टाळा. फवारणीच्या वेळी अंगात घातलेला सदरा किंवा डोक्याला गुंडाळलेले फडके मात्र कितीही धुतले तरी वापरू नका. धुण्याने औषधाचा अंश पूर्ण जाईलच असे नाही. बाळाची कातडी नाजूक असते आणि ते दुपट्याची कडा तोंडातही घालते. फवारणीचे कपडे नेहमी वेगळे धुवा, वेगळे ठेवा.

रंगीत तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर घासा. रंग लागला तर तो वगळा. बाकीचे कापड धुऊन वाळवा, म्हणजे आटायचे ते आधीच आटेल. साधारण 75 सें.मी. चौरसाचे तीन थर सपाट अंथरा. मधून कडेकडे कच्चे टाके घाला, मग बोटभर अंतराने धावदोरा घालून कडा दुमडून शिवा.

शेवटी सुया मोजून डबीत ठेवायला विसरू नका.