दोन संस्थांमधील फाईल आणि आपली जबाबदारी

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेचे जनरल रजिस्टर कसे सांभाळावे, हे आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. ते मुख्याध्यापकांच्या ताब्यात कुलूपबंद असते. कोणास उतारा हवा असल्यास तो अर्ज करतो, उतारा सहीशिक्क्यानिशी दिला जातो आणि मूळ रजिस्टर शाळेतच राहते. हीच शिस्त संगणकावरील फाईलीस का लावू नये, एवढाच प्रश्न मला आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

सरल किंवा यू-डायस प्लस यांत माहिती भरताना शाळेस स्वतंत्र प्रवेशसंकेत असतो. परंतु त्याबाहेरही कितीतरी याद्या फिरत असतात. काही पंचायत समितीस, काही जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेस, काही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकास, तर काही एखाद्या स्वयंसेवी संस्थेस जातात. या याद्या आपण बहुधा क्लाउडवर ठेवतो. क्लाउड म्हणजे ढग खरा, परंतु फाईल काही आकाशात नसते. एखाद्या कंपनीच्या संगणकगृहात ती साठविलेली असते. एक संस्था गूगल ड्राईव्ह वापरते, दुसरी मायक्रोसॉफ्टचे वनड्राईव्ह वापरते. घर निराळे, कुलूप निराळे. अडचणीस प्रारंभ होतो तो येथेच.

या बाबतीत माझ्याच हातून घडलेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांची यादी एका संस्थेस पाठवावयाची होती. तिची सेवा निराळ्या कंपनीची असल्याने आमची फाईल तिच्या खात्यातून उघडेना. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. घाईघाईत मी ‘लिंक असलेली कोणीही व्यक्ती’ हा पर्याय निवडून लिंक पाठविली. काम झाले आणि मी ती गोष्ट विसरून गेलो. लिंक मात्र एका व्हॉट्सॲप गटातून दुसऱ्या गटात जात राहिली. पुढे एक पालक कार्यालयात आले. कानाची यंत्रे विकणाऱ्या कोणा अपरिचिताचा त्यांना फोन आला होता. ते रागावले नाहीत, त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, माह्या पोरीले कमी आयकू येते, हे त्याईले कोनं सांगितलं?” मजजवळ उत्तर होते, पण ते सांगताना मान वर करवेना. लिंक बंद करावयास अर्धे मिनिट पुरले. परंतु तोवर ज्यांनी यादी उतरवून घेतली होती, त्यांच्याकडील प्रती परत आणण्याचा कोणताही उपाय नव्हता.

त्या दिवसापासून मी काही नियम पाळतो.

पहिला नियम असा की, फाईल कार्यालयाच्या किंवा शाळेच्या खात्यात ठेवावी, व्यक्तीच्या खासगी खात्यात ठेवू नये. शिक्षकांची बदली झाली म्हणजे खासगी खात्यातील फाईलही त्यांच्याबरोबर जाते.

दुसरा नियम असा की, परवानगी लिंकला न देता व्यक्तीला, तिच्या ईमेल पत्त्यावर द्यावी. समोरची संस्था दुसऱ्या कंपनीची सेवा वापरीत असली तरी हे बहुधा साधते. संस्थात्मक खात्यांत त्या व्यक्तीच्या ईमेलवर संकेतांक पाठवून ओळख पटविण्याची सोय असते. बाहेरच्या पत्त्यास परवानगी देण्यास खात्याच्या व्यवस्थापकाने मनाई केली असेल, तर त्यांच्याकडून रीतसर मंजुरी घ्यावी. कुलूपच काढून टाकू नये.

तिसरा नियम असा की, ज्यास केवळ पाहावयाचे आहे, त्यास बदल करण्याची परवानगी देऊ नये. आणि कामास लागतात तेवढेच रकाने पाठवावेत. श्रवणतपासणीस आधार क्रमांकाचे काय प्रयोजन?

चौथा नियम असा की, काम संपताच परवानगी काढून घ्यावी आणि कोणास, कशासाठी, केव्हा दिली याची नोंद आवक-जावक रजिस्टरात करावी.

यास कायद्याचाही आधार आहे. आधार क्रमांक सार्वजनिक रीतीने प्रसिद्ध करण्यास २०१६ च्या आधार कायद्याने मनाई केली आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानतो. आपल्या प्राथमिक शाळेतील प्रत्येक मूल त्यात आले.

यावरून माहिती कोणास देऊच नये, असा अर्थ मात्र कृपया कोणी काढू नये. विटभट्टीवर आलेल्या कुटुंबातील मूल हंगामाच्या मध्येच शाळा बदलते. त्याची नोंद नव्या शाळेस वेळेवर न मिळाल्यास नुकसान त्याचेच होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला तात्काळ द्यावयाचा असतो आणि दाखल्यास विलंब झाला म्हणून नवा प्रवेश रोखता येत नाही. आपल्या रामटेक किंवा सावनेर तालुक्यातील मूल सीमेपलीकडे मध्य प्रदेशात गेले, तरी हा हक्क त्याच्याबरोबर जातो. तेव्हा फाईल जरूर द्यावी व त्वरेने द्यावी. फक्त ज्याच्या हाती द्यावयाची, त्याच्याच हाती द्यावी.

आज आपापल्या शाळेत परतल्यावर एक काम करावे, अशी माझी विनंती आहे. क्लाउडवरील आपल्या फाईली उघडून कोणकोणत्या अद्याप ‘कोणाही व्यक्तीस’ खुल्या आहेत, ते पाहावे व ज्यांचे काम संपले आहे त्या बंद कराव्यात. त्या यादीतील प्रत्येक नाव एका घरातील लेकराचे आहे आणि ते त्या घराने आपल्या विश्वासावर शाळेत नोंदविले आहे.