डाग दिसला, पुढं काय?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित अंश)

सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचं नाव त्या वाडीला आहे आणि तिथं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. इतका जुना आपला टीबीशी परिचय. त्यामुळं छातीच्या फोटोत डाग आला की पहिला संशय टीबीचाच येतो. तो गैर नाही. पण थुंकीत जंतू सापडलेला नसताना नुसत्या डागावर गोळ्या सुरू होतात, दोन-तीन महिने जातात आणि डाग वाढलेलाच दिसतो. डाग फुफ्फुसाच्या कर्करोगाचा असेल, तर साठीतल्या बिडीवाल्याला हे महिने फार महाग पडतात. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाईवर तर कर्करोगाचा संशयही कुणी घेत नाही.

साध्या फोटोत बारीक गाठ बरगडीच्या, गळपट्टीच्या हाडाच्या किंवा हृदयाच्या सावलीत लपते. सीटी छातीचे आडवे काप दाखवतो, म्हणून ती सापडते. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या आणि सोडलेल्या ५३ हजारांहून अधिक लोकांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांचा दरवर्षी कमी किरणांचा सीटी, उरलेल्यांचा साधा फोटो. २०११ साली निष्कर्ष आला: सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. मात्र सीटीत संशयास्पद ठरलेल्या निकालांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक वेळा कर्करोग निघालाच नाही! आपल्याकडं तर बऱ्या झालेल्या टीबीचे व्रणही फुफ्फुसात असतात. म्हणून गावोगाव सरसकट सीटी शिबिरं भरवावीत, असं मी म्हणणार नाही.

मग रक्त तपासावं का? हल्ली तपासणीच्या पॅकेजमध्ये 'कॅन्सर मार्कर' म्हणून सीईए या प्रथिनाची चाचणी घालतात. ते पैसे वाचवा. सीईए नुसत्या धूम्रपानानंही वाढतं, यकृताच्या आजारातही वाढतं. आणि फुफ्फुसात लहान गाठ असूनही ते नॉर्मल येऊ शकतं. नॉर्मल रिपोर्ट खिशात घालून खोकत फिरणारा माणूस मला जास्त धोक्यात वाटतो.

रक्ताचं खरं काम निदानानंतरचं. गाठीतून सुटलेले डीएनएचे कण रक्तात सापडतात. त्यांतून ईजीएफआर जनुकातला बदल ओळखणाऱ्या चाचणीला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. हा बदल धूम्रपान न केलेल्यांत, विशेषतः आशियाई स्त्रियांत, अधिक आढळतो आणि त्यावर गोळ्यांचे उपचार आहेत. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं (बायॉप्सी) अवघड असेल किंवा काढलेला अपुरा पडला, तर ही चाचणी मोलाची ठरते. रक्तात बदल दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं मात्र नाही. तेव्हा पुन्हा तुकड्याकडंच वळावं लागतं.

कर्करोग आहे का, कोणत्या जातीचा, हे ठरवतो तो तुकडाच. आणि आपली माणसं नेमकी तिथंच अडतात: "सुई लावली की गाठ पसरते." फुफ्फुसातल्या गाठीला सुई लावल्यानं रोग पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. छातीत हवा साठणं, थुंकीतून थोडं रक्त पडणं, हे धोके खरे आहेत. डॉक्टरांना या धोक्यांबद्दल विचारा.